बेसबॉलचा हिवाळी बाजार: मॅनेजरच्या नेमणुका, फ्री एजंट आणि करार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑक्टोबर संपला की अमेरिकेत बेसबॉलचे सामने थांबतात आणि बातम्या वाढतात. कुणी मॅनेजर काढला, कुणी नवा आणला, कुणी पंधरा वर्षांच्या करारावर सही केली. तिकडे राहणारे मराठी वाचक आणि इकडून चवीने हा खेळ पाहणारे क्रिकेटवेडे, दोघेही दर हिवाळ्यात साधारण तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत, पण मोजणी आपल्या लाख-कोटीत. त्यांचे दहा मिलियन म्हणजे आपले एक कोटी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

१. हा ऑफसीझन कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम लढत) संपली की सुरू. २०२५ मध्ये १ नोव्हेंबरला टोरांटोत सुरू झालेला सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत लांबला, लॉस एंजेलिस डॉजर्स जिंकले आणि लगेच बाजार उघडला. मात्र पहिले पाच दिवस फ्री एजंटला (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला) नव्या क्लबबरोबर सही करता येत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला 'विंटर मीटिंग्ज' होतात, २०२४ मध्ये डॅलसला, २०२५ मध्ये ऑरलँडोला. सगळ्या क्लबांचे अधिकारी, एजंट आणि पत्रकार तेव्हा एकाच ठिकाणी असतात, त्यामुळे त्या तीन-चार दिवसांत अफवांना ऊत येतो. फेब्रुवारीत ॲरिझोना आणि फ्लोरिडात सराव शिबिरं सुरू झाली की बाजार थंडावतो.

मॅनेजरचा हंगाम याच्या आधीचा. जे संघ बाद झाले ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच मॅनेजर बदलायला लागतात.

२. मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच की कॅप्टन? मग जनरल मॅनेजर कोण?

मॅनेजर म्हणजे थोडा कोच आणि बराचसा कॅप्टन. फलंदाजीचा क्रम तो ठरवतो, पिचर (आपल्या भाषेत गोलंदाज) कधी बदलायचा ते तो ठरवतो, पंचांशी भांडायलाही तोच जातो. त्यासाठी तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये उभा असतो. सत्तरीचा माणूस खेळाडूच्या पँटमध्ये बघून नवा प्रेक्षक हसतो, पण प्रथा तशी आहे.

संघात कोण असावं, कुणाला किती पैसे द्यावेत हे मॅनेजर ठरवत नाही. ते काम जनरल मॅनेजरचं, आणि हल्ली त्याच्याही वर 'प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स' असतो. मॅनेजरला नेमणारे आणि काढणारे हेच लोक.

३. फ्री एजन्सी म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना?

नाही, जवळजवळ उलटं. लिलावात संघ खेळाडू घेतो. फ्री एजन्सीत खेळाडू संघ निवडतो.

दोन उदाहरणं अगदी दोन आठवड्यांच्या अंतराने घडली. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी जेद्दाच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लावली. लखनौ की दुसरं कुणी, हे त्या दिवशी पंतच्या हातात नव्हतं. ८ डिसेंबरच्या रात्री वान सोटोने न्यूयॉर्क मेट्सला होकार कळवला: १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. त्याचा आधीचा क्लब यांकीज १६ वर्षांचे ७६ कोटी द्यायला तयार होता, असं तेव्हा छापून आलं. सोटो त्याआधी मालकांना एकेक करून भेटला. मालक त्याच्याकडे मुलाखतीला आले म्हणा ना.

४. मग कुणीही खेळाडू उठून फ्री एजंट होऊ शकतो का?

नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं सेवा पूर्ण व्हावी लागते आणि चालू करार संपलेला असावा लागतो. क्लबने त्याआधीच सोडून दिलं तर गोष्ट वेगळी.

यातली मेख 'वर्ष' या शब्दात आहे. हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो. संघाच्या यादीवर १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. १७१ भरले तर नाही.

२०१५ मध्ये शिकागो कब्जने आपला होतकरू फलंदाज क्रिस ब्रायंट याला हंगामाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पण फ्री एजंट व्हायला २०२० ऐवजी २०२१ चा हंगाम संपावा लागला. त्याने तक्रार केली आणि २०२० च्या सुरुवातीला लवादाने ती फेटाळली. क्लबने कायदा मोडला नव्हता. कायदा कुठे संपतो ते त्यांना दिवसाच्या हिशेबात ठाऊक होतं.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या सामूहिक करारात यावर थोडा उतारा आला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मे रोजी पहिला सामना खेळला, पण नवोदितांत पहिला आला आणि त्याचं वर्ष भरलं.

५. हा हक्क खेळाडूंना मिळाला कसा?

भांडून. जुन्या करारांत 'रिझर्व्ह क्लॉज' असे. करार संपला तरी खेळाडूवर क्लबचा हक्क राही आणि क्लब तो वर्षानुवर्षं चालवत असे. वेठबिगारासारखी अवस्था: मालक सोडता येत नाही, मोबदलाही मालकच ठरवणार.

१९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला आणि खटला भरला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. पण मार्विन मिलर यांच्या खेळाडू संघटनेने लवादाचा रस्ता धरला. १९७४ मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी कॅटफिश हंटरच्या पगाराचा ठरलेला हिस्सा विम्याच्या योजनेत भरला नाही. लवाद पीटर साइट्झ यांनी करारभंग झाल्याचं सांगून हंटरला मोकळं केलं, आणि ३१ डिसेंबरला तो यांकीजकडे गेला. वर्षभराने, २३ डिसेंबर १९७५ रोजी, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात त्याच साइट्झनी रिझर्व्ह क्लॉज एका वर्षापुरताच असल्याचा निकाल दिला. मालकांनी साइट्झना तडकाफडकी काढलं. निकाल मात्र राहिला. आजचा प्रत्येक मोठा करार त्या निकालाच्या पायावर उभा आहे.

६. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत पगार कसा ठरतो?

पहिली तीन वर्षं क्लब देईल तो, पण किमान पगार ठरलेला आहे (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर). तीन ते सहा वर्षं सेवा झालेल्यांना लवादाकडे जाता येतं. तिथे खेळाडू एक आकडा सांगतो, क्लब एक, आणि लवाद दोन्हींपैकी एकच निवडतो. मधला काढत नाही.

७. 'क्वालिफाइंग ऑफर' काय आहे? ती नाकारली की खेळाडूचं नुकसान होतं का?

फ्री एजंट होऊ घातलेल्या खेळाडूला क्लब एका वर्षाचा ठरावीक पगार देऊ करतो. रक्कम सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीइतकी असते. २०२४ मध्ये ती २ कोटी १० लाख ५० हजार होती, २०२५ मध्ये २ कोटी २० लाख २५ हजार. घेतली तर एक वर्ष तिथेच. नाकारली तर खेळाडू बाजारात, पण त्याला घेणाऱ्या नव्या क्लबला ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतल्या) निवडी गमवाव्या लागतात आणि जुन्याला भरपाई म्हणून एक निवड मिळते.

सोटोसारख्याला याने काही फरक पडत नाही. मेट्सने त्याच्यासाठी आपली दुसरी आणि पाचवी सर्वोच्च निवड खुशाल सोडली. मार बसतो तो मधल्या फळीतल्या खेळाडूला. 'चांगला आहे, पण याच्यासाठी ड्राफ्टची निवड घालवायची?' असा विचार करत क्लब जानेवारीपर्यंत थांबतात. २०१२ मध्ये ही पद्धत आली, तेव्हा पहिली तीन वर्षं एकाही खेळाडूने ऑफर स्वीकारली नाही. हल्ली अधूनमधून स्वीकारतात.

अपवाद दोन. ही ऑफर एका खेळाडूला आयुष्यात एकदाच देता येते. आणि हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्याला देताच येत नाही, म्हणून जुलैत ट्रेड झालेला खेळाडू हिवाळ्यात थोडा खुशीत असतो.

८. ओहतानीचा करार ७० कोटींचा, मग त्याला वर्षाला फक्त २० लाख मिळतात हे खरं का?

खरं. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीने डॉजर्सबरोबर १० वर्षांचा ७० कोटींचा करार केला. त्यातले ६८ कोटी पुढे ढकलले. खेळत असताना वर्षाला २० लाख, आणि २०३४ ते २०४३ या काळात वर्षाला ६ कोटी ८० लाख, तेही बिनव्याजी. जाहिरातींतून त्याला एवढं मिळतं की हे परवडतं. क्लबचा फायदा असा की उशिरा द्यायच्या पैशांची आजची किंमत कमी धरली जाते. लग्झरी टॅक्सच्या हिशेबात (प्रश्न १० पाहा) हा करार वर्षाला ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाखांचा ठरतो.

याच करारात आणखी एक कलम आहे. मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन यांच्यापैकी कुणी गेलं, तर ओहतानी करार सोडू शकतो.

पैसे पुढे ढकलण्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट बॉबी बोनियाची. मेट्सला तो नको होता, पण ५९ लाख डॉलर देणं होतं. ते ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि वर २० सेंट मिळतात. त्या दिवशी मेट्सचे चाहते स्वतःवरच हसून घेतात.

९. 'ऑप्ट-आउट' म्हणजे खेळाडू करार मोडू शकतो?

मोडत नाही, आधीच ठेवलेल्या दारातून बाहेर पडतो. सोटोला २०२९ च्या हंगामानंतर असं दार आहे. पण मेट्सने उरलेल्या दहा वर्षांचा पगार वर्षाला ४० लाखांनी वाढवला तर ते दार बंद होतं आणि एकूण करार ८०.५ कोटींचा होतो.

१०. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा नाही? श्रीमंत क्लबच सगळे घेऊन जाणार ना?

आयपीएलच्या पर्ससारखी मर्यादा नाही. कर आहे, त्याला बोलीभाषेत लग्झरी टॅक्स म्हणतात. २०२५ मध्ये उंबरठा २४.१ कोटी डॉलर होता. पहिल्यांदा ओलांडला तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलात तर त्यावर अधिभार. २०२४ साठी डॉजर्सला १० कोटींहून जास्त कर भरावा लागला. तरी ते थांबले नाहीत. माझ्या मते खरी तक्रार डॉजर्सबद्दल नसावी. उंबरठ्याच्या आसपासही न फिरकणारे जे अनेक मालक आहेत, त्यांच्याबद्दल असावी.

११. जपानी खेळाडूंचे आकडे इतके वेगवेगळे का? यामामोतोला ३२.५ कोटी आणि सासाकीला ६५ लाख?

फरक वयाचा. जपानमधला खेळाडू परदेशी जाण्यासाठी पूर्ण मोकळा व्हायला नऊ वर्षं लागतात. त्याआधी जायचं तर त्याचा क्लब त्याला 'पोस्ट' करतो आणि त्या क्लबला अमेरिकन क्लबकडून शुल्क मिळतं. करारातल्या पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ आणि त्यावर १५. डिसेंबर २०२३ मध्ये योशिनोबू यामामोतोने डॉजर्सबरोबर १२ वर्षांचा ३२.५ कोटींचा करार केला, तेव्हा ५० लाख, ४३ लाख ७५ हजार आणि ४ कोटी १२ लाख ५० हजार मिळून सुमारे ५ कोटी ६ लाख ओरिक्स बफेलोजला गेले. यामामोतोच्या खिशातून नव्हे, डॉजर्सच्या.

पण वय २५ पेक्षा कमी किंवा अनुभव सहा वर्षांपेक्षा कमी असेल, तर तो 'आंतरराष्ट्रीय हौशी' गटात येतो. तिथे प्रत्येक क्लबला बोनससाठी ठरलेली थैली असते. रोकी सासाकी २३ वर्षांचा होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याला ६५ लाख मिळाले आणि पुढे सहा वर्षांची शिडी चढायची आहे (प्रश्न ४ आणि ६). ओहतानीही २०१७ मध्ये असाच, तेविसाव्या वर्षी, २३ लाखांच्या बोनसवर एंजल्सकडे आला होता.

१२. करार झाल्याची बातमी आली म्हणजे पक्कं?

वैद्यकीय तपासणी होईपर्यंत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कार्लोस कोरेआचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर १३ वर्षांचा ३५ कोटींचा करार ठरला. पत्रकार परिषदेच्या दिवशी ती रद्द झाली, कारण घोट्याच्या जुन्या दुखापतीची शंका. लगेच मेट्सने १२ वर्षांचे ३१.५ कोटी कबूल केले. तपासणीत पुन्हा तोच घोटा. शेवटी जानेवारीत तो आपल्याच जुन्या क्लबकडे, मिनेसोटाकडे, सहा वर्षांच्या २० कोटींवर परतला. साखरपुडे दोन आणि लग्न तिसऱ्याच घरी.

१३. सही केल्यावर क्लब त्याला दुसरीकडे पाठवू शकतो का?

हो, करारात नो-ट्रेड कलम नसेल तर. मात्र हिवाळ्यात सही केलेल्या फ्री एजंटला १५ जूनपर्यंत त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. आणि दहा वर्षं सेवा, त्यातली शेवटची पाच त्याच क्लबमध्ये झालेल्याला नकाराचा हक्क आपोआप मिळतो.

१४. मॅनेजरही फ्री एजंट असतो का?

करार संपला तर तो मोकळा. त्याला सहा वर्षं नाहीत, क्वालिफाइंग ऑफर नाही आणि संघटनाही नाही. त्याचं प्रकरण साध्या नोकरीसारखं.

या साध्या नोकरीचा भाव क्रेग काउन्सेलने वाढवला. मिलवॉकी ब्रुअर्सबरोबरचा त्याचा करार २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपला. मेट्स त्याच्या मागे होते, ब्रुअर्सनाही तो हवा होता. ६ नोव्हेंबरला बातमी आली की तो ब्रुअर्सच्याच गटातल्या शिकागो कब्जकडे चालला: पाच वर्षं, ४ कोटी, मॅनेजरसाठी तोवरचा विक्रम. कब्जकडे तेव्हा मॅनेजर होता, डेव्हिड रॉस, आणि त्याचा करारही शिल्लक होता. त्याला त्याच दिवशी काढलं.

पुढची गंमत ऐका. ब्रुअर्सनी काउन्सेलचा सहायक पॅट मर्फी याला नेमलं. मर्फी म्हणजे नोत्र दाम विद्यापीठात काउन्सेलला शिकवणारा कोच. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी ब्रुअर्स गटात पहिले, दोन्ही वर्षी मर्फी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम मॅनेजर, आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये ब्रुअर्सनी काउन्सेलच्या कब्जला ३-२ असं हरवलं.

विक्रमी मॅनेजरच्या पाच वर्षांच्या पैशांत सोटोचं एक वर्षही भरत नाही. बाजाराच्या लेखी मॅनेजरची किंमत किती, ते एवढ्यावरून कळतं.

१५. मॅनेजरचा करार चालू असताना दुसरा क्लब त्याला नेऊ शकतो?

जुन्या क्लबने परवानगी दिली तर. बॉब मेल्विन दोनदा असा गेला: २०२१ मध्ये ओकलंडहून सॅन डिएगोला, २०२३ मध्ये सॅन डिएगोहून सॅन फ्रान्सिस्कोला. दोन्ही वेळा जुन्या क्लबने मोबदला घेतला नाही.

पण काही वेळा घेतातही, आणि मॅनेजरच्या बदल्यात चक्क खेळाडू दिला जातो. १९६७ मध्ये मेट्सने गिल हॉजेससाठी वॉशिंग्टनला एक पिचर आणि १ लाख डॉलर दिले, आणि दोन वर्षांनी मेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले. १९७६ मध्ये पिट्सबर्गने चक टॅनरसाठी मॅनी सँगियन हा आपला कॅचर ओकलंडला दिला. १९७८ मध्ये सँगियन परत आला आणि १९७९ मध्ये, ज्याच्या बदल्यात तो गेला होता त्याच टॅनरच्या हाताखाली जगज्जेता झाला. २०१२ मध्ये बॉस्टनने जॉन फॅरेलसाठी टोरांटोला माइक आविलेस दिला आणि वर्षभरात वर्ल्ड सिरीज जिंकली.

१६. मॅनेजर निवडताना अनुभव बघतात की नाही? हल्ली कुणालाही नेमतात असं वाटतं.

दोन्ही टोकं दिसतात. टेक्सस रेंजर्सनी ब्रूस बोची याला निवृत्तीतून उठवून आणलं, आणि २०२३ मध्ये त्याने त्यांना पहिलं जेतेपद दिलं. उलट क्लीव्हलंडचा स्टीफन व्होट २०२२ पर्यंत स्वतः खेळत होता. एक वर्ष सिॲटलला कोच, मग थेट मॅनेजर, आणि २०२४ व २०२५ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम.

२०२५ च्या हिवाळ्यात जायंट्स याहून पुढे गेले. टेनेसी विद्यापीठाचा कोच टोनी विटेलो याला त्यांनी नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो कधी खेळलेला नाही आणि कोचही नव्हता. वॉशिंग्टनने ३३ वर्षांच्या ब्लेक बुटेराला नेमलं, १९७२ नंतरचा सगळ्यात तरुण मॅनेजर. माझं मत विचाराल तर, संघबांधणी आणि आकडेमोड वरून होऊ लागल्यापासून क्लबांना डावपेचांच्या गुरूपेक्षा ड्रेसिंग रूम सांभाळणारा माणूस हवा असतो. असा माणूस अनुभवी असलाच पाहिजे असं नाही, आणि तो स्वस्तही पडतो.

१७. काढलेल्या मॅनेजरला उरलेला पगार मिळतो?

मिळतो, करार हमीचा असतो. जायंट्सनी जुलै २०२५ मध्ये मेल्विनचं २०२६ चं वर्ष पक्कं केलं आणि सप्टेंबरअखेर त्याला काढलं.

१८. लॉकआउट झाला तर हे सगळं थांबतं का?

खेळाडूंचं थांबतं, मॅनेजरचं नाही. आधीचा सामूहिक करार संपल्यावर २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, असे ९९ दिवस मालकांनी टाळं लावलं होतं. त्याआधीच्या काही दिवसांत करारांची झुंबड उडाली. कोरी सीगरचे टेक्ससबरोबरचे ३२.५ कोटी तेव्हाचेच. मग एकदम शांतता. पण मॅनेजर खेळाडूंच्या संघटनेत नसल्यामुळे त्याच डिसेंबरात मेट्सने बक शोवॉल्टरला आणि ओकलंडने मार्क कोत्सेला नेमलं. फक्त, टाळं उघडेपर्यंत क्लबच्या माणसांना संघातल्या खेळाडूंशी संपर्क करायला बंदी होती. म्हणजे नवा मॅनेजर कामावर हजर, आणि ज्यांना सांभाळायचं त्यांना फोनसुद्धा करता येईना.

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्या हिवाळ्यात नोव्हेंबरातच सह्यांची घाई दिसली तर कारण हेच समजा.